सगळे फोटो नागपुरात

“ताई, तुझे सगळे दगड आपल्या घरात आहेत,” सुमेध म्हणाला.

मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले. माझा धाकटा भाऊ संगणकासमोर बसला होता. पडद्यावर नागपूरचा नकाशा होता आणि त्यावर एकच लाल टाचणी. ती आमच्या गल्लीत, आमच्याच घरावर टोचलेली. टाचणीवर त्यानं बाण नेला तर आकडा उमटला. त्रेसष्ट.

“म्हणजे काय?”

“म्हणजे त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटो इथं काढले, असं तुझं कार्ड म्हणतं. आपल्या घरात.”

मी खुर्ची ओढून बसले. त्या फोटोंत माळरान होतं, पळसाची झाडं होती, काळ्या दगडांची गोल गोल रिंगणं होती. नागपूरपासून सत्तर किलोमीटरवरच्या सालईमेट गावच्या टेकडीवर मी ते फेब्रुवारीत काढले होते. गावातले लोक त्या टेकडीला गोलटेक म्हणत. टेकडीवर सतरा शिळावर्तुळं होती. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी माणसं आपल्या मेलेल्यांना पुरून वरती असे दगड गोल मांडत. विदर्भात अशी वर्तुळं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याखालचा मुरूम रस्त्यांना चांगला असतो.

ही गोष्ट २०१२ची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि पुरातत्त्व शिकवून निवृत्त झालेल्या हस्तक सरांबरोबर वर्तुळांची नोंद करत होते. एप्रिलमध्ये कडवे नावाच्या कंत्राटदारानं गोलटेकवर मशीन चढवलं. आधी त्यानं टेकडीभरचे दगड उचलून कडेला ढीग घातला, मग खणायला लागला. आम्हाला कळेपर्यंत सहा वर्तुळांच्या जागी खड्डे झाले होते. उरलेल्या अकरांचे दगड गेले होते, पण खालची जमीन अजून शाबूत होती. सरांचं आणि माझं नाव घालून मी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. सुनावणीपर्यंत काम थांबवा असं त्यांनी सांगितलं. कडवेचं म्हणणं सोपं होतं. इथं कसली वर्तुळं नव्हतीच, शेतात असतात तसे दगड होते, ते आम्ही बाजूला केले. आणि आता टेकडीवर एकही दगड जागेवर नसल्यानं त्याला खोटं पाडायला माझ्याजवळ फक्त फोटो होते.

अर्जाच्या चौथ्या परिच्छेदात मी लिहून बसले होते, ‘प्रत्येक छायाचित्रात ते कोठे काढले याची नोंद कार्डाने आपोआप केलेली आहे. सुनावणीच्या वेळी सीडी सादर करू.’

ते कार्ड सुमेधच्या मित्रानं परदेशातून आणलं होतं. दिसायला कॅमेऱ्याच्या साध्या मेमरी कार्डासारखं, टपालाच्या तिकिटाएवढं. पण त्याच्या पोटात वायफाय होतं. मी टेकडीवर फोटो काढायची आणि पिशवीतल्या छोट्या हॉटस्पॉटवरून ते एकेक करून घरच्या संगणकात जाऊन पडायचे. वायर नाही, काही नाही. संध्याकाळी मी बसनं घरी यायची तेव्हा फोटो माझ्या आधी येऊन बसलेले असायचे. शिवाय ते फोटोवर जागाही लिहायचं. नागपुरात आम्ही ते करून पाहिलं होतं. सीताबर्डीचा फोटो सीताबर्डीवर, अंबाझरीचा अंबाझरीवर. हस्तक सर लहान मुलासारखे खूश झाले होते.

“शहरात बरोबर, मग टेकडीवर काय झालं?” मी विचारलं.

सुमेध थोडा वेळ वाचत होता. मग त्यानं कपाळावर हात मारला. “याला आकाशातल्या उपग्रहांचं काही कळत नाही, ताई. हे फक्त जवळपास कोणकोणतं वायफाय आहे ते पाहतं. त्या वायफायचा पत्ता त्यांच्या यादीत असतो, तो फोटोवर चिकटवतं. टेकडीवर वायफाय कुणाचं होतं?”

“कुणाचंच नाही.”

“तुझ्या पिशवीतलं होतं की. आणि तो हॉटस्पॉट वर्षभर आपल्या घरात चालला. यादीत त्याचा पत्ता आपल्या घराचा आहे.”

सुनावणी नऊ दिवसांवर होती.

“बदलता येतं,” सुमेध हळूच म्हणाला. “गोलटेकच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकायचे. दोन मिनिटं लागतात. कुणाला कळणार नाही.”

“सरांना विचारते,” मी म्हणाले.

हस्तक सरांना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात चालत नव्हता, बोलणं मात्र स्वच्छ होतं. दुपारी मी गेले तेव्हा ते पलंगावर उशांना टेकून बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “सुमेधला जमतं का ते?”

“काय?”

“आकडे बदलणं.”

मला वाटलं, ते माझी परीक्षा घेतायत. तसं नव्हतं.

“विशाखा, मी त्या टेकडीवर एकोणिसशे ऐंशीपासून जातोय. दगड खरे होते. जागा खरी आहे. फोटो तू तिथंच काढलेस. खोटा आहे तो एकटा आकडा. तो खरा करायचा, एवढंच. त्यात वाईट काय आहे, सांग.”

त्यांच्या बोलण्यात चूक सापडत नव्हती.

“कडवेनं बदलले असते, सर.”

“म्हणून तर तो जिंकतो.” त्यांनी डावा हात पांघरुणावर आपटला. “अकरा वर्तुळं उरलीत. तुझा सच्चेपणा मुरमाबरोबर टिप्परमध्ये जाईल.”

“मी नाही बदलणार,” मी म्हणाले. असं म्हणेपर्यंत मी ठरवलेलं नव्हतं.

“मग काय करणार?”

“माहीत नाही.”

“मग माझं नाव अर्जातून काढ,” सर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांची सून मला दारापर्यंत सोडायला आली.

घरी येऊन मी त्रेसष्ट फोटोंच्या मोठ्या प्रती काढून आणल्या आणि फरशीवर पसरल्या. दगड बघून बघून डोळे दमले तेव्हा मी मागचं बघायला लागले. तेराव्या फोटोत वर्तुळाच्या मागं विजेचा टॉवर होता, आणि टॉवरचा डावा पाय लांबच्या डोंगराच्या खाचेत अगदी बरोबर बसला होता. त्याच फोटोत उजव्या कडेला मोहाचं एकटं झाड होतं आणि त्याच्या खोडाच्या आडून गावच्या देवळाचा कळस अर्धा दिसत होता.

मी दोन पावलं सरकले असते तर टॉवरचा पाय खाचेतून निसटला असता. कळस झाडामागं गेला असता. म्हणजे टॉवर आणि खाच एका रेषेत दिसतात ती एक रेघ. झाड आणि कळस ती दुसरी. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं मी उभी होते, दुसरीकडे कुठं असूच शकत नव्हते. फोटोत जागा होती. कार्डानं ती चुकीची लिहिली होती, पण भिंगानं बरोबर टिपली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी सालईमेटला गेले.

फेब्रुवारीत मला टेकडी दाखवली होती ती शालिक नेवारे यांनी. गावाची ढोरं राखत त्यांचा जन्म गेला होता. साठीच्या पुढचा, काटक, गोवारी माणूस. डोक्याला दुपट्टा, खांद्यावर काठी. मी फोटोंची चळत त्यांच्या अंगणात ठेवली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. कार्डाचं, टाचणीचं, सरांचं.

त्यांनी तेरावा फोटो उचलला आणि लांब धरून बघितला. “हे तं तिसऱ्या खड्ड्यावर येते,” ते म्हणाले.

“नक्की?”

“ढोरं तिथंच बसत सकाळच्या उन्हाला. टावरचा पाय असाच दिसे.” मग म्हणाले, “पण माह्या सांगण्यानं काय होते, बाई? साहेब काय ढोरक्याचं ऐकन?”

“ऐकणार नाही. म्हणून रेघा आखायच्या. मला दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. आठ दिवस.”

“ढोरं भाच्याकडे देतो,” ते म्हणाले. कारण विचारलं नाही, की मोबदला विचारला नाही. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं नाही. मी माझ्याच नादात होते.

मे महिन्यातला विदर्भ. सकाळी सहाला आम्ही टेकडीवर असायचो आणि दहाच्या सुमारास हवा डोळ्यांना भाजायला लागली की मोहाखाली येऊन बसायचो. ऊन लागू नये म्हणून शालिकभाऊंच्या खिशात कांदा असे, एक माझ्याही पिशवीत टाकत. चार वाजता परत वर. काम असं चालायचं की मी फोटो हातात धरून मागंपुढं सरकायची. टॉवरचा पाय खाचेत बसला की तिथं खुंटी. मग त्याच रेषेत पुढं चालत जाऊन दुसरी खुंटी. दोन्हींना पांढरी सुतळी. मग झाड आणि कळस, परत दोन खुंट्या, परत सुतळी. जिथं सुतळ्या एकमेकींवरून जात तिथं आणखी एक खुंटी आणि लाल चिंधी, चिंधीला फोटोचा नंबर.

जमीन शाबूत होती तिथं हे सोपं होतं. खड्ड्यांवर आलो तेव्हा खरं अवघड झालं. तेराव्या फोटोच्या रेघा खड्ड्याच्या या काठावरून त्या काठावर गेल्या आणि मधोमध, दहा-अकरा फूट खोल खड्ड्याच्या वर, हवेत एकमेकींना भेटल्या. मी जिथं उभी राहून फोटो काढला होता तिथं आता पाय ठेवायला काही नव्हतं. चिंधी बांधायला शालिकभाऊंनी काठीला हूक लावला.

तिसऱ्या दिवशी पांढरी गाडी आली. कडवे उतरले. पन्नाशीचे, मऊ बोलणारे. माझी आई आरोग्य केंद्रात नर्स होती हे त्यांना ठाऊक होतं. तिची चौकशी केली. मग सुतळ्यांकडे बघून म्हणाले, “पतंग उडवता काय, मॅडम?”

“माप घेतेय.”

“घ्या, घ्या. मोठे मोठे गोटे तं साऱ्या जिल्ह्यात पडले आहेत. फोटो कुठलाही असू शकते.” ते शालिकभाऊंकडे वळले. “शालिक, तू कायले उन्हात मरून राह्यला? ढोरं कोण पाहून राह्यलं?”

“भाचा पाहते,” शालिकभाऊ म्हणाले आणि खुंटी ठोकत राहिले.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो तर टेकडी मोकळी. सगळ्या खुंट्या उपटून खड्ड्यात फेकलेल्या, सुतळीचे तुकडे बाभळीच्या काट्यांवर. पाच दिवसांचं काम. मी खाली बसले. सुनावणी परवावर आली होती. सुमेधचा आवाज कानात येत होता, दोन मिनिटं लागतात. सरांचा हात पांघरुणावर आपटलेला दिसत होता. मोबाइल हातात होता. सुमेधला एक फोन केला असता तर काम झालं असतं. नंबर काढलासुद्धा.

शालिकभाऊ खड्ड्यात उतरून खुंट्या गोळा करत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “टावर उपटला काय कोणी?”

“नाही.”

“डोंगर उपटला?”

“नाही.”

“मंग?” खुंट्यांचा भारा त्यांनी काठावर ठेवला आणि स्वतः वर चढले. “धरा ते टोक.”

मी फोन पिशवीत टाकला. खाचा, झाडं, कळस आता आम्हाला पाठ झाले होते. पहिल्यांदा ज्याला पाच दिवस लागले ते आम्ही दीड दिवसात परत उभं केलं. या वेळी प्रत्येक चिंधीची जागा मी गावनकाशाच्या प्रतीवरही रेघा मारून नोंदवली. सुनावणीच्या आदल्या रात्री शालिकभाऊ टेकडीवरच झोपले.

सुनावणीला कार्यालयाच्या खोलीत कूलर घरघरत होता. उपविभागीय अधिकारी भिवगडे साहेब निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी अधू. कडवेंच्या बाजूनं वकील होते पांढरीपांडे, नेटके आणि नम्र. साहेबांनी माझ्याकडे सीडी मागितली.

मी सीडी दिली आणि उभीच राहिले. “साहेब, माझ्या अर्जातला चौथा परिच्छेद चुकीचा आहे.”

“चुकीचा म्हणजे?”

“कार्डानं जागा नोंदली आहे असं मी लिहिलं. नोंदली आहे, पण ती माझ्या नागपूरच्या घराची आहे. त्रेसष्टही फोटोंची.” मग हॉटस्पॉटचं सगळं सांगितलं.

पांढरीपांडे जागेवरून उठले. त्यांना घाई नव्हती. “साहेब, आता माझं काम बाईंनीच केलं. त्यांचं यंत्र म्हणतं फोटो नागपूरचे. त्या म्हणतात सालईमेटचे. मी म्हणतो, कुठलेही असतील. पुराव्याला काय उरलं?”

भिवगडे साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघत राहिले. “हे आकडे नंतर बदलता येतात का, संगणकावर?”

“येतात.”

“किती वेळ लागतो?”

“दोन मिनिटं.”

“तुम्हाला हे आधी कळलं होतं?”

“नऊ दिवस आधी.”

“मग बदलले का नाहीत?”

नऊ दिवस मी या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. सरांना ते देता आलं नव्हतं. आता जे तोंडात आलं ते बोलले. “बदलले असते तर ते कार्डाचे आकडे राहिले नसते, साहेब. माझे झाले असते. आणि माझं म्हणणं तर अर्जात लिहिलेलंच होतं. ते खरं की खोटं हेच तर तुम्ही बघताय.”

साहेबांनी चष्मा परत चढवला.

“फोटोत जागा आहे,” मी म्हणाले. “कार्डाचं सोडून द्या. तुम्ही टेकडीवर चला आणि फोटो स्वतः हातात धरून बघा.”

“साहेबांचे गुडघे…” कारकून हळूच म्हणाला.

“उद्या सकाळी सात वाजता,” भिवगडे साहेब म्हणाले. “दोन्ही पक्ष हजर राहा.”

सकाळी साहेब काठी टेकत टेकत गोलटेक चढले, मधे तीनदा थांबले. वर आल्यावर त्यांना पांढऱ्या सुतळ्यांचं जाळं दिसलं, खड्ड्यांवरून ताणलेलं, आणि त्यावर लाल चिंध्या. वारा नव्हता. ते बराच वेळ बघत उभे राहिले.

मी त्यांच्या हातात बत्तिसावा फोटो दिला. ती जागा शाबूत जमिनीवरची होती. “तुम्हीच शोधा,” मी म्हणाले. तिथल्या सुतळ्या, खुंट्या आणि चिंधी मी मुद्दाम काढून ठेवल्या होत्या.

साहेबांनी फोटो डोळ्यांसमोर धरला. डावीकडे गेले, परत आले, चार पावलं मागं सरकले. टॉवर बघितला, कळस बघितला. पाच-सात मिनिटं गेली. मग ते थांबले आणि काठी जमिनीत रोवली. शालिकभाऊंनी पुढं होऊन तिथला पाचोळा बाजूला केला. खाली आमच्या खुंटीचं भोक होतं, काठीपासून वीतभर अंतरावर.

“वकीलसाहेब,” भिवगडे साहेब म्हणाले, “तुम्ही बघा.”

पांढरीपांडेंनी फोटो घेतला. मला वाटलं, ते उगाच बघितल्यासारखं करतील. पण त्यांनी नीट बघितलं. आधी भलतीकडेच उभे राहिले, तिथं कळस दिसेना. मग दोन पावलं सरकले, मग अजून एक. साहेबांच्या काठीशी येऊन थांबले. फोटोकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, फोटो मला परत दिला. कडवे गाडीला टेकून मोबाइल बघत होते.

मग आम्ही एकेक खड्डा तपासला. फोटोत माझ्या पायांपुढं दगडांचं रिंगण होतं. काठावर उभं राहून सुतळ्यांची भेट बघितली की तिच्यापुढं आज काय होतं तर पोकळी. साहेब प्रत्येक वेळी नंबर सांगत, कारकून लिहून घेई. साडेदहाला ते म्हणाले, “पंचनामा करा. स्थळ आणि छायाचित्र जुळतात असं स्पष्ट लिहा.” कडवेंनी सही करायला पेन मागितला, त्यांच्याकडे नव्हता. वकिलांनी आपला दिला.

आदेश यायला तीन आठवडे लागले. उरलेल्या टेकडीवर खणायला मनाई झाली, सहा वर्तुळांसाठी कडवेवर कारवाई सुरू झाली. पुढं दोन वर्षांनी रीतसर उत्खनन झालं तेव्हा उरलेल्यांपैकी चौथ्या वर्तुळाखाली लोखंडाची कुऱ्हाड आणि मातीची भांडी निघाली. ती बघायला हस्तक सर राहिले नव्हते. आदेशाची प्रत मात्र मी त्यांना वाचून दाखवली होती. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “सीडीवर अजून तुझं घरच आहे?”

“हो.”

“मी असतो तर बदललं असतं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, “मी बदललं असतं, विशाखा.” मग अर्जात त्यांचं नाव राहिलंय की मी काढलं, असं विचारलं. मी म्हणाले, काढलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून ठेवला.

पण पाहणीच्या सकाळचं एक सांगायचं राहिलं.

गाड्या उतारावरून गेल्या. धूळ बसली. मी खुंट्या उपटायला वाकले तसे शालिकभाऊ म्हणाले, “थांबा. एक फोटो राह्यला.”

“त्रेसष्टही झाले, भाऊ.”

“चौसष्ट होते.” त्यांनी दुपट्टा सोडला, परत बांधला. “त्या दिशी माही बायको शिदोरी घेऊन आली होती. तुमी तिचा बी एक काढला. तिनं नको म्हटलं, तुमी काढला.”

मला आठवलं. हिरव्या लुगड्यातली बाई, एका दगडावर बसलेली, तोंडाला पदर लावून हसणारी. दगडांच्या नोंदीत तो फोटो येत नव्हता म्हणून संगणकात मी तो तेव्हाच बाजूला काढला होता, मोजलाच नव्हता. “कौसल्याबाई,” मी म्हणाले. “त्या घरी दिसल्या नाहीत.”

“मार्चात गेली. तापानं. पाच दिवसांत.”

आठ दिवस मी त्यांच्या अंगणात पाणी प्यायले होते. एकदाही विचारलं नव्हतं.

“ते कुठं बसली होती ते मले समजत नाई,” शालिकभाऊ म्हणाले. “दगड उचलले ना सारे. मी लई फिरलो. कधी वाटते इथं, कधी वाटते तिथं. तुमच्या रेघांनी समजन काय?”

फोटो कॅमेऱ्यात होता. कार्डानं तो घरी पाठवला होता, तरी आपल्याजवळही ठेवला होता. मागच्या छोट्या पडद्यावर मी तो मोठा केला. कौसल्याबाईंच्या खांद्यामागं टॉवर होता, त्याचा उजवा पाय पळसाच्या फांदीला टेकलेला. उजवीकडे कळस, मोहापासून बोटभर सुटा. उन्हात पडदा नीट दिसेना म्हणून शालिकभाऊंनी दुपट्ट्याची सावली धरली. ते फोटोकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

अकरा वाजले होते. हवा भाजत होती. आम्ही पहिल्यासारखंच एकेक टोक धरलं. पहिली रेघ पाचव्या खड्ड्यावरून गेली. दुसरीही. मला ते सुतळी ताणण्याआधीच कळलं होतं, त्यांनाही कळलं असणार. गाठ खड्ड्याच्या मधोमध आली.

“ही मी,” मी म्हणाले. “त्या माझ्यापासून चार पावलं पुढं. टॉवरच्या बाजूला.”

शालिकभाऊ काठी काठावर ठेवून खड्ड्यात उतरले. सुतळ्यांच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. वर बघून नीट जुळवलं, मग टॉवरच्या दिशेनं चार पावलं मोजून टाकली आणि थांबले. लाल मुरमावर त्यांची सावली पायाशी गोळा झाली होती.

“इथं?”

“इथं. पण वर. तुमच्या डोक्यावर अजून चार-पाच हात.”

त्यांनी मान मागं टाकली आणि रिकाम्या हवेकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना आता रडू येईल, आणि मी कुठं बघू ते कळेना.

“मले वाटलं, तिची जागा बी खोदून नेली,” ते खालून म्हणाले. “मुरूम नेला. जागा तं हाये.”

त्यांनी अजून थोडा वेळ वर बघितलं. मग डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि चढायला काठाला हात घातला. मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला.

वर आल्यावर मी पहिल्या खुंटीकडे गेले तसे ते म्हणाले, “ह्या दोन रेघा आज राहू द्या, बाई. संध्याकाळी ढोरं घेऊन येतो, तेव्हा मी काढतो.”